न्हाणीघरातील तिसरी तार

आपल्या दाजीबानपेठेतील जुन्या घरांत न्हाणीघराच्या कोपऱ्यात एके काळी तांब्याचा बंब असे, अथवा चुलीवर बसविलेला मोठा हंडा असे. कोंकणी घरांत त्याच भांड्याला ‘भाण’ म्हणतात. पहाटे कोणीतरी उठून लाकडे, गोवऱ्या किंवा करवंट्या घालून जाळ करावा, धुराने डोळे चुरचुरावेत आणि मग घरातील मंडळींनी एकामागून एक कढत पाण्याने स्नान करावे, असा परिपाठ होता. आज बहुतेक घरांतून बंब गेला आणि त्याच्या जागी भिंतीवर विजेचा गीझर आला. ज्यांना तो परवडत नाही, त्यांच्या बादलीत विजेचा ‘रॉड’ आला. कळ दाबली की पाणी तापते आणि शॉवरखाली उभे राहिले की ते अंगावर येते. सोय खरोखरच मोठी झाली, यात संशय नाही.

परंतु या सोयीबरोबर भयाचे स्वरूपही पालटले आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही. अग्नीचे भय डोळ्यांना दिसते. ज्वाळा दिसते, धूर दिसतो, बंबाचा तापलेला पत्रा हात लावण्यापूर्वीच आपणांस सावध करतो. विजेला मात्र रंग नाही, वास नाही आणि आवाजही नाही. ज्या नळाला काल हात लावला त्याच नळात आज विजेचा दाब उतरला असेल, तर तो नळ दिसावयास कालच्यासारखाच असतो. म्हणून विजेच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबून चालत नाही. तेथे ज्ञानाचाच आधार घ्यावा लागतो.

विद्यार्थिमित्रांनो, या लेखात सांगावयाचे मुख्य सूत्र एकच आहे. गीझर पाणी तापवितो एवढ्यावरून त्याची जोडणी निर्दोष आहे असे समजू नये. पाणी तापविण्यास दोन तारा पुरतात. तिसरी तार पाण्यासाठी नसून माणसासाठी असते. ती नसली तरी पाणी तितकेच तापते, तितक्याच वेळात तापते, आणि म्हणूनच ती नसल्याचे वर्षानुवर्षे कोणाच्याही लक्षात येत नाही.

प्रथम वीज घरात कशी येते ते पाहू. रस्त्याच्या कडेच्या रोहित्रापासून, म्हणजे ट्रान्स्फॉर्मरपासून, आपल्या मीटरपर्यंत सामान्यतः दोन तारा येतात. एकीस ‘फेज’ म्हणतात, दुसरीस ‘न्यूट्रल’. फेजच्या तारेवर जमिनीच्या मानाने सुमारे २३० व्होल्ट दाब असतो. न्यूट्रलची तार रोहित्रापाशी जमिनीस जोडलेली असल्यामुळे तिच्यावर जवळजवळ काहीच दाब नसतो. वीज फेजने येते, दिव्यातून अथवा गीझरमधून जाते आणि न्यूट्रलने परत फिरते. पण न्यूट्रल जमिनीस जोडलेली असल्यामुळे विजेला परतीची आणखी एक वाट मोकळी राहते, ती म्हणजे खुद्द जमीन. फेजला स्पर्श करणारा मनुष्य जर ओल्या फरशीवर अनवाणी उभा असेल, तर त्याच्या देहातून ही दुसरी वाट पुरी होते.

आता अशा वेळी देहातून किती वीज वाहील? नववी-दहावीच्या मुलांना ओहमचा नियम ठाऊक असतोच. दाबास रोधाने भागले की प्रवाह मिळतो. कोरड्या त्वचेचा रोध पुष्कळ असतो, कित्येक हजार ओहमपर्यंत तो जाऊ शकतो. स्नानाच्या वेळी मात्र त्वचा भिजलेली, पाय उघडे आणि जमीन ओली असते, व देहाचा रोध सुमारे एक हजार ओहमपर्यंत उतरतो. २३० भागिले १,००० म्हणजे ०.२३ अँपियर, अर्थात २३० मिलिअँपियर. हा आकडा लहान वाटतो, पण मानवी देहाच्या दृष्टीने तो भयंकर आहे.

याविषयीचे मूलभूत प्रयोग अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डाल्झील यांनी केले. हातात धरलेली विद्युत्भारित वस्तू मनुष्याला स्वतःच्या इच्छेने किती प्रवाहापर्यंत सोडता येते, हे त्यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या व्यक्तींच्या साहाय्याने मोजले. पुरुषांच्या बाबतीत ही मर्यादा सरासरी १६ मिलिअँपियर व स्त्रियांच्या बाबतीत सुमारे साडेदहा मिलिअँपियर आढळली. त्यापुढे हाताचे स्नायू आवळले जातात आणि नळ सोडावा असे वाटूनही तो सुटत नाही. प्रवाह याहून वाढला आणि काही काळ टिकला, तर छातीचे स्नायू आखडून श्वास कोंडतो, किंवा हृदयाचे नियमित ठोके बंद पडून त्याचे स्नायू नुसते थरथरू लागतात. हे थरथरणे बहुधा आपोआप थांबत नाही आणि काही मिनिटांतच मृत्यू ओढवतो. १० मिलिअँपियर कोठे आणि २३० मिलिअँपियर कोठे, हे पाहिले म्हणजे न्हाणीघर ही घरातील सर्वांत नाजूक जागा का मानतात, ते कळून येईल.

कोणी विचारील, गीझरमधील वीज नळात उतरतेच कशी? गीझरच्या टाकीत तांब्याची एक वाकविलेली नळी असते. तिच्या पोटात नायक्रोमची बारीक तार असून तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासून भरलेली असते. ही भुकटी उष्णता बाहेर जाऊ देते, पण विजेला अडविते. जोवर नळी अभंग आहे तोवर पाणी व वीज यांची भेट होत नाही. परंतु आपल्या हुबळीकडे मलप्रभेचे पाणी रोज येत नसल्यामुळे अनेक घरांत बोअरवेलचे पाणी वापरावे लागते. हे पाणी बहुधा जड असते. तापताना त्यातील क्षार नळीवर पांढऱ्या पुटाच्या रूपाने बसतात. पूट जाड झाले की उष्णता बाहेर पडत नाही, नळी आतल्या आत प्रमाणाबाहेर तापते आणि एखाद्या दिवशी तिला बारीकशी चीर जाते. त्या चिरेतून ओल भुकटीत शिरते आणि विजेला टाकीच्या पत्र्यापर्यंत वाट मिळते. टाकीला धातूचे पाइप, पाइपांना नळ आणि नळाला शॉवर. गीझर छताजवळ आहे, त्याला आपला हात लागत नाही, असे समाधान मानण्यात अर्थ नाही. त्याचा दाब पाइपावाटे खाली येतो. पाइप प्लॅस्टिकचे असले तरी क्षारयुक्त पाण्यातून काही वीज वाहू शकतेच.

येथे पुष्कळांचा एक दृढ समज आड येतो. ते म्हणतात, “काही बिघाड झालाच तर फ्यूज उडेल की!” हा समज खोटा आहे, आणि तो किती खोटा आहे हे गणितानेच दाखविता येते. दोन किलोवॅटच्या गीझरला सुमारे पावणेनऊ अँपियर वीज लागते, म्हणून त्याला बहुधा १६ अँपियरचा एमसीबी, अर्थात फ्यूजच्या जागी आलेला स्वयंचलित खटका, बसवितात. प्राण घेण्यास पुरेसा असा जो २३० मिलिअँपियरचा प्रवाह आपण वर काढला, तो या १६ अँपियरच्या सुमारे सत्तराव्या हिश्श्याइतका आहे. एमसीबीच्या दृष्टीने ही काही घटनाच नव्हे. फ्यूज काय किंवा एमसीबी काय, त्यांचे काम तारा वितळू न देण्याचे व घराला आग लागू न देण्याचे आहे. ते तारांचे रक्षक आहेत, माणसांचे नव्हेत.

माणसाचे रक्षण करणारी पहिली व्यवस्था म्हणजे अर्थिंग, अर्थात आपली तिसरी तार. ही हिरव्या अथवा हिरव्या-पिवळ्या रंगाची असते. तिचे एक टोक गीझरच्या पत्र्याला व दुसरे टोक घराबाहेर जमिनीत पुरलेल्या धातूच्या नळीला जोडलेले असते. एरवी ती काहीच करीत नाही. पण पत्र्यात वीज उतरली की तिला माणसाच्या देहापेक्षा कितीतरी सोपी वाट ती देते. या वाटेचा एकंदर रोध एक ओहम असेल तर २३० अँपियर प्रवाह उसळेल, एमसीबी तत्काळ पडेल आणि गीझर मृतवत् होईल. तीन पिनांच्या प्लगमधील वरची पिन इतर दोहोंहून लांब व जाड असते, तिचे कारणही हेच. प्लग आत घालताना तिचा संबंध सर्वांआधी जुळावा आणि काढताना सर्वांशेवटी तुटावा, अशी ती योजना आहे. ज्या घरांत त्या वरच्या भोकामागे तारच जोडलेली नाही, तेथे ती पिन केवळ शोभेची ठरते.

तथापि तार असणे आणि अर्थिंग चांगले असणे यांतही अंतर आहे. भारतीय मानक ३०४३ यात सांगितल्याप्रमाणे अर्थिंगसाठी पुरावयाची जस्त चढविलेली नळी निदान ३८ मिलिमीटर आतील व्यासाची आणि अडीच मीटर लांबीची असावी लागते. जमिनीत ओल असेल तोवर ती उत्तम काम करते. आपल्या भागातील काळी माती पावसाळ्यात चिकट व ओली राहते, पण उन्हाळ्यात ती वाळून तिला भेगा पडतात. मग नळी व माती यांचा संबंध सुटतो आणि रोध वाढतो. समजा, तो २० ओहम झाला. २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपियर. एवढ्याने १६ अँपियरचा एमसीबी पडणार नाही, आणि पत्र्यावरील दाब तसाच राहील. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालण्याची पद्धत आहे. ज्यांच्या अंगणातील असा खड्डा फरशीखाली गडप झाला आहे, त्यांनी तो शोधून काढणे बरे.

आणखी एक अनिष्ट प्रथा येथे सांगितली पाहिजे. काही ठिकाणी खड्डा खणण्याचा खर्च वाचविण्यासाठी तिसरी तार पाण्याच्या लोखंडी पाइपालाच बांधून टाकतात. पेठेत घरांना घरे लागून आहेत आणि भिंतीही सामाईक आहेत. असा पाइप दोन-तीन बिऱ्हाडांतून फिरत असेल, तर एकाच्या गीझरमधील बिघाड दुसऱ्याच्या नळातून प्रगट होतो. शिवाय मधला एखादा तुकडा बदलून तेथे प्लॅस्टिकचा पाइप घातला की जमिनीशी असलेला संबंध तुटतो आणि त्या तथाकथित अर्थिंगला काही अर्थ उरत नाही.

अर्थिंग अशा रीतीने दुबळे होऊ शकते, म्हणूनच दुसऱ्या रक्षकाची गरज पडते. त्याचे नाव आरसीसीबी. बाजारात पुष्कळ लोक त्याला जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात. याचे तत्त्व पेठेतील कोणत्याही व्यापाऱ्याला चटकन समजावे असे आहे. सायंकाळी दुकानदार रोजमेळ लिहितो. जितके आले त्याचा हिशेब गेलेल्या व शिल्लक असलेल्या रकमेशी जुळला पाहिजे. न जुळल्यास कोठेतरी गळती आहे हे तो ओळखतो. आरसीसीबीही असाच हिशेब अखंड ठेवतो. त्याच्या पोटातील एका चुंबकीय कड्यामधून फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा जातात. जेवढी वीज फेजने गेली तेवढीच न्यूट्रलने परत आली, तर दोहोंचे चुंबकीय परिणाम एकमेकांस खोडून टाकतात. थोडी जरी वीज तिसऱ्या वाटेने, पत्र्यातून किंवा माणसाच्या देहातून, जमिनीत गेली, तर हिशेबात तूट येते. ती तूट कड्यावरील वेटोळ्यात सूक्ष्म प्रवाह उत्पन्न करते आणि खटका पडतो.

घरगुती वापरासाठी या तुटीची मर्यादा ३० मिलिअँपियर ठेवतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक २०२३ च्या विनियमांतही घरगुती जोडणीसाठी हाच आकडा आहे. ३० मिलिअँपियरची गळती झाली तर जास्तीत जास्त ०.३ सेकंदात आणि तिच्या पाचपट गळती झाली तर ०.०४ सेकंदात या यंत्राने वीज तोडली पाहिजे, असे मानकांचे बंधन आहे. एवढ्या अल्प काळात झटका बसेल, पण हृदय बंद पडण्याचा संभव फारच कमी होतो. वरील उदाहरणातील दुबळ्या अर्थिंगमधून जाणारे साडेअकरा अँपियर एमसीबीला क्षुल्लक वाटले. आरसीसीबीला मात्र ती ११,५०० मिलिअँपियरची प्रचंड तूट आहे.

मग आरसीसीबी असल्यावर तिसऱ्या तारेचे काय काम, असे कोणी म्हणेल. उत्तर महत्त्वाचे आहे. तिसरी तार नसेल तर पत्र्यात उतरलेल्या विजेला जाण्यास वाट सापडत नाही. ती तेथेच दबा धरून बसते, आणि पहिला हात लागेल तेव्हा त्या हातातूनच तूट निर्माण होते. म्हणजे बिघाड शोधून काढण्याचे काम माणसाच्या देहाला करावे लागते. तिसरी तार असेल तर नळी फुटून वीज पत्र्यात उतरताच गळती सुरू होते आणि कोणी न्हाणीघरात पाऊल टाकण्यापूर्वीच खटका पडतो. म्हणून या दोन व्यवस्था एकमेकींच्या पर्यायी नव्हेत. त्या परस्परांस पूरक आहेत.

आरसीसीबीच्या मर्यादाही ठाऊक असाव्यात. एका हाताने फेज व दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली, तर वीज जितकी गेली तितकीच परत येते. हिशेब जुळतो व यंत्र स्वस्थ राहते. तारांवर प्रमाणाबाहेर भार पडला तर तो ओळखणे हेही त्याचे काम नव्हे. त्यासाठी एमसीबीच पाहिजे.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा आहे असे नव्हे. फ्रान्समधील अत्यंत लोकप्रिय गायक क्लोद फ्रान्स्वा हे ११ मार्च १९७८ रोजी पॅरिस येथील आपल्या घरी स्नानाच्या टबात उभे असता भिंतीवरील दिवा नीट करावयास गेले आणि विजेच्या धक्क्याने मरण पावले. ते अवघे ३९ वर्षांचे होते. ब्राझीलमध्ये तर शॉवरच्या तोंडातच पाणी तापविणारी तार बसविलेली असते. ब्रिटनमधील वायरिंगच्या नियमांनी स्नानाच्या जागेभोवती मोजून विभाग आखले आहेत. २०२२ च्या सुधारणेनुसार साधे सॉकेट शॉवरच्या विभागाच्या सीमेपासून निदान अडीच मीटर दूर असावे लागते. श्रीमंत देशांनाही हे नियम करावे लागले, कारण पाणी आणि वीज यांचा स्वभाव सर्वत्र सारखाच आहे.

आता आपल्या हातून होण्यासारख्या गोष्टी पाहू. गीझरची कळ न्हाणीघराबाहेर असावी आणि ती फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारी असावी. पाणी तापले की कळ बंद करून मगच स्नानास जावे. ओल्या हाताने कळ दाबू नये. बादलीतील रॉड हा तर गीझरहूनही अधिक जपण्याचा विषय आहे, कारण तेथे पाणी, वीज आणि मनुष्य यांच्यामध्ये टाकीचा पत्राही नसतो. रॉड पाण्यात बुडवावा, मग कळ चालू करावी. पाणी काढताना प्रथम कळ बंद करावी, प्लग उपटावा, आणि त्यानंतरच रॉड बाहेर काढावा. पाणी तापले की नाही हे पाहण्यासाठी चालू रॉडच्या बादलीत बोट घालण्याची सवय कित्येक घरांत आहे. ती सर्वस्वी सोडून द्यावी. गीझर असो वा रॉड, आयएसआय चिन्ह पाहूनच घ्यावा. जेथे पाणी जड आहे तेथे गीझर ठरावीक काळाने उघडवून आतील क्षार काढवून घ्यावेत.

आरसीसीबीवर ‘टी’ अक्षराचे एक लहानसे बटण असते. ते दाबले की यंत्र स्वतःच खोटी तूट निर्माण करून पाहते, आणि खटका पडला पाहिजे. महिन्यातून एकदा घरातील वडीलधाऱ्यांना सांगून हे बटण दाबावे. खटका न पडल्यास यंत्र निकामी झाले असे समजावे. मात्र ध्यानात ठेवा, या बटणाने केवळ यंत्राची परीक्षा होते, तिसऱ्या तारेची होत नाही. ती मापनयंत्राने तपासण्याचे काम परवानाधारक वायरमनचे आहे. विद्यार्थ्यांनी पाहावे, विचारावे, आग्रह धरावा. पण कोणताही बोर्ड वा प्लग स्वतः उघडू नये.

दुर्दैवाने कोणाला धक्का बसलाच, तर धावत जाऊन त्याला हाताने ओढू नये; ओढणाराही त्यात सापडतो. प्रथम मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर सारावे. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि श्वास बंद असल्यास ज्याला येत असेल त्याने छातीवर दाब देण्याचा उपचार लगेच सुरू करावा.

शेवटी एका व्यवहाराच्या गोष्टीकडे लक्ष वेधतो. मीटरपर्यंतची वीज हेस्कॉम कंपनी आणून देते. मीटरच्या पुढील तारांची जबाबदारी घरच्यांवर असते. आपल्या पेठेत पुष्कळ कुटुंबे भाड्याच्या घरात राहतात. मालक म्हणतो, गीझर भाडेकरूने लावला आहे. भाडेकरू म्हणतो, घर मालकाचे आहे. या वादात खड्डा खणला जात नाही आणि तिसरी तार जोडली जात नाही. एका आरसीसीबीची व एका अर्थिंगची किंमत गीझरच्या किमतीच्या मानाने फार नाही, आणि ती दोघांनी वाटून घेतली तर कोणासही जड जाणार नाही. तेव्हा आज घरी गेल्यावर वडिलांना वा आईला एवढेच विचारा: आपल्या गीझरच्या प्लगमागे तिसरी तार आहे का, आणि ती जमिनीपर्यंत पोचते का? उत्तर निश्चित ठाऊक नसेल, तर ते कळेपर्यंत गीझरची कळ बंद करूनच स्नानास जावे, आणि वायरमनला बोलाविण्यास उशीर करू नये.